खोका आणि झोपलेली बाई

कुवेतमध्ये एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला रजा मिळाली की त्याचे हात आपोआप खोक्याकडे जातात. आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. रजा मंजूर झाली त्याच संध्याकाळी हे कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, एक रिकामा खोका डोक्यावर घेऊन मंगफच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर हजर.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सामान नको न्यायला?"

"आपण गावाला चाललेलो नाही. माल्टाला चाललोय. तिथे कोण आहे तुमचं? आत्या?"

"अगं, पण रिकाम्या हाताने कसं जायचं?"

आता या माणसाला काय सांगायचं? वीस रजा आम्ही देवगड तालुक्यात घालवल्या. प्रत्येक रजेत दूध पावडर, बदाम, साबण, बाम आणि टॉर्च. विमानतळावर हे कागदपत्रं करणार आणि मी खोक्यांवर राखण बसणार. गावी पोचले की सकाळी चहा टाकायचा तो रात्रीपर्यंत टाकतच राहायचं. या वर्षी लेक पुण्याला कॉलेजात गेली आणि मी जाहीर केलं, या रजेत मी कोणाचीही सून नाही. लेक फोनवर म्हणाली, "मॉम, जस्ट गो!" तिला काय जातंय म्हणा.

माल्टाच का, तर त्याला कारण आमच्या फ्रिजच्या दारावर होतं. लग्नाआधी मी शाळेत इतिहास शिकवायचे. कुवेतला आले, नवऱ्याच्या व्हिसावर बसले आणि इतिहास बसला तो बसलाच. पुढे एकदा दाताच्या दवाखान्यातल्या मासिकात एक चित्र दिसलं आणि मी ते पान हळूच फाडून पर्समध्ये घातलं. आयुष्यातली माझी एकमेव चोरी. मातीची एक बाई. तळहातावर मावेल एवढी, दंड चांगले भरलेले, घेरदार नेसण. कुशीवर झालेली, हात डोक्याखाली, गाढ झोपलेली. माल्टाच्या जमिनीखाली कोरलेल्या दफनस्थळात सापडली. पाच हजार वर्षं ही बाई झोपलेय आणि "जरा चहा टाक गं" म्हणायची एकाची छाती झालेली नाही. मला ती एकदा समोर बघायची होती. बाकी समुद्रबिमुद्र आमच्या मंगफलाही आहे.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपत आला असेल तर आधी तो वाढवून घ्या, नाहीतर व्हिसाच्या खिडकीवर जाऊ नका. कंपनीचं पत्र, बँकेचा कागद, विमा, हॉटेलचं बुकिंग, सगळ्याच्या दोन दोन प्रती. खिडकीतल्या बाईने ह्यांना विचारलं, प्रवासाचं कारण? हे म्हणाले, "वाईफ." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. आणि ते जमिनीखालचं दफनस्थळ बघायचं असेल तर तिकीट काही महिने आधी काढा, कारण एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. मी तीन आठवडे आधी शोधायला गेले. बसा बोंबलत! पण माझी बाई राजधानीतल्या म्युझियममध्ये असते आणि तिथे कधीही जाता येतं, म्हणून मी निर्धास्त होते.

मग बातमी फुटली. आमच्याकडे ती फुटतेच. कुवेतमध्येच रिग्गईत बॅचलर खोलीवर राहणारा, ह्यांच्या तालुक्यातला एक इलेक्ट्रिशियन शुक्रवारी आला. त्याची बायको आठ महिन्यांपूर्वी माल्टाच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागलेली. मुलं गावी आजीकडे. म्हणजे घर एक आणि मुलूख तीन. तो नुकताच गावाहून आला होता. त्याने पिशवीतून कुळथाचं पीठ काढलं, आमसुलं काढली आणि शेवटी एक भलीमोठी गोधडी काढली.

"वयनी, आयेन शिवलेली आसा. तिका पोचवशात मां?"

ह्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की खोक्याला शेवटी आत्या मिळाली. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. भर उन्हाळ्यात गोधडी! पण कोणाची वस्तू नेणार नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. उद्या आपलीही कोणीतरी नेणार असते.

ह्यांनी उरलेली जागा दूध पावडरीने भरली, खोका नायलॉनच्या दोरीने आवळला आणि मार्कर घेऊन चारही बाजूंना पत्ता लिहिला. मी बघितलं नाही, ही माझी चूक. एकवीस वर्षांच्या सवयीने ह्या माणसाने माल्टाला जाणाऱ्या खोक्यावर आपलं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, इंडिया असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

इस्तंबूलला विमान बदलताना दोरीने म्हणे विमानकंपनीची पट्टी फाटली. मग तिथल्या भल्या माणसांनी पत्ता वाचला आणि खोका मुंबईच्या सामानात नेऊन ठेवला. त्यांचं काय चुकलं?

आमची सहल चार दिवसांची. पहिला दिवस विमानतळावर सामानाच्या रिकाम्या पट्ट्यासमोर उभं राहण्यात गेला. दुसरा दिवस हॉटेलात फोनपाशी. "तू जा म्युझियमला," हे म्हणत होते, पण ह्यांचं इंग्रजी फोनवर घाबरतं, मग मीच बोलत बसले. तिसऱ्या दिवशी खोका सापडला, विमानतळावर या म्हणाले. तिथे कस्टमवाल्याने तो उघडला. दूध पावडर सगळी काढून घेतली. लक्षात ठेवा, युरोपात दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही. मग त्याने कुळथाच्या पिठाची पिशवी उजेडात धरली आणि वास घेतला.

"सूप," हे म्हणाले. "ब्राऊन सूप. व्हेरी गुड फॉर गॅस."

तो माणूस पिशवीकडे बघे, ह्यांच्याकडे बघे. शेवटी त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी एकाला, आणि तिघांनी वास घेतला. सुटलो तेव्हा म्युझियम बंद व्हायची वेळ झाली होती. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. हे मात्र खुशीत, कारण बेकरीत ह्यांनी कुवेती सवयीने "खुबूस" मागितलं आणि बाईने खरंच पाव दिला. तिथली भाषा अरबीच्या घरातलीच. "बघ, किती सोपंय इथे!" म्हणे. मला रडू येत होतं. वीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती मी.

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. ठरलं असं की दुपारी बारा वाजता राजधानीतल्या तटावरच्या बागेत इलेक्ट्रिशियनच्या बायकोला खोका द्यायचा आणि तिथून पाच मिनिटांवर म्युझियम. खोका घेऊन आत सोडणार नव्हते, मी विचारून ठेवलं होतं, आणि खोक्यासकट बसने तिथे पोचेपर्यंतच बारा वाजत आले. गाव सगळं पिवळ्या दगडाचं, तट समुद्रात उतरलेले, आपल्या विजयदुर्गाने कौतुकाने बघावेत असे. रस्ते मात्र पायऱ्यापायऱ्यांचे, तेव्हा चपला चांगल्या घाला आणि खोका नेऊ नका. बारा वाजता त्या बागेखाली रोज तोफ उडवतात. हे मला ठाऊक होतं, ह्यांना नव्हतं. धडाम्! झालं आणि हे दोन्ही हात पसरून खोक्यावर आडवे. आजूबाजूचे गोरे टाळ्या वाजवायला लागले. चार दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

ती आली तेव्हा साडेबारा झाले होते. तिशीतली, अंगावर कामाचा निळा सदरा, डोळे खोल गेलेले. लागोपाठ दोन पाळ्या करून आली होती. ह्यांना वाकून नमस्कार केलान. मग खोका उघडला, आमसुलाची पिशवी नाकाशी धरली. गोधडी मांडीवर घेऊन तिच्या शिवणीवरून बोट फिरवत बसली. "वहिनी, ही माझी जुनी साडी," म्हणाली. "हे मुलाचं झबलं." खोलीत पाच जणी, प्रत्येकीची पाळी वेगळी, दिवा कधी बंद होतच नाही म्हणाली. झोप म्हणून लागत नाही. बोलता बोलता तिचं डोकं कलंडलं. गोधडी उशाला घेऊन ती त्या दगडी बाकावर कुशीवर झाली, हात डोक्याखाली, आणि झोपली.

मी घड्याळ बघितलं. दीड.

"तू जा," हे हळूच म्हणाले. "मी बसतो हिच्यापाशी."

मी उठले. बागेच्या फाटकापर्यंत गेलेसुद्धा. आणि मग वाटलं, ही जागी झाली आणि समोर एक परका पुरुष बसलेला दिसला तर ओशाळेल बिचारी. बाईमाणूस झोपलं तर शेजारी बाईमाणूस हवं. परत आले, तिच्या पायाशी बसले. हे उन्हाच्या बाजूला उभे राहिले, म्हणजे तिच्या तोंडावर सावली पडावी. सावली सरकली की हे सरकायचे. तीन वाजले. चार वाजले. मला सगळ्यांचा राग येत होता, खोक्याचा, ह्यांचा, माझा. फक्त तिचा येईना. एकदा तोंडही उघडं पडलं तिचं, इतकी गाढ.

पाचला ती दचकून उठली. "अगो बाई! उठवलंत का नाही मला?"

"उठवायचं कशाला?" मी म्हणाले.

म्युझियमच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून कडी लावत होते. ह्यांनी विमानतळावर मला त्या मातीच्या बाईचा एक चुंबकवाला बिल्ला घेऊन दिला आणि घरी येईपर्यंत माझ्या नजरेला नजर दिली नाही.

पुढच्या शुक्रवारी तो इलेक्ट्रिशियन आला. चहा घेतला, बूड टेकवून न टेकवल्यासारखा बसला. "कशी आसा ती, वयनी?"

मी काय काय सांगणार होते त्याला! पट्टी, कस्टम, पत्ता, म्युझियम. तोंडापर्यंत आलं होतं सगळं.

"झोपली होती," मी म्हणाले. "गोधडीवर डोकं ठेवून. चांगली तीन-चार तास झोपली."

त्याने कप खाली ठेवला. "तीन-चार तास? खराच?"

"मी स्वतः बघितली," मी म्हणाले.