आम्ही एकटंच

कोल्हापूरचा माणूस बढाई मारत नाही, असं कुणी म्हणालं तर त्यानं कोल्हापूर पाहिलेलं नाही एवढंच समजावं. इथला माणूस रश्श्याची बढाई मारतो, म्हशीची मारतो, आपल्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या गोलकीपरची तर इतकी मारतो की हा गडी चुकून पेठेत जन्मला असं ऐकणाऱ्याला वाटावं. फक्त स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तो अडखळतो आणि ‘आम्ही’ म्हणतो. आम्ही जेवलो, आम्ही आजारी होतो, आम्ही दहावीला नापास झालो. जणू सगळं गावच एका बाकावर बसून नापास झालं होतं.

शिवाजी पेठेतली प्रियदर्शनी साळोखे या बाबतीत पेठेचं नाव राखून होती. त्यात घरात माणसं दोनच: ती आणि तिचे वडील आकाराम, ज्यांना तिच्यासकट सगळी गल्ली आण्णा म्हणायची. आई गेली तेव्हा प्रियदर्शनी शाळेत होती. तेव्हापासून आज भाजी कुठली इथपासून कॉलेजात विषय कुठला इथपर्यंत सगळं या दोघांच्या कमिटीत ठरायचं. “आम्ही अर्थशास्त्र घेतलंय,” असं आण्णा कट्ट्यावर सांगायचे. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. अर्थशास्त्राशी त्यांचा संबंध पगारापुरता, पण तिचा पेपर अवघड गेला की जेवण यांना जायचं नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी या मुलीनं प्रकल्पाला जो विषय निवडला, तो ऐकून अख्खा वर्ग हसला. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की फाउंड्रीत दांड्या सुरू होतात, हे काही गुपित नव्हतं. मॅचच्या दिवशी एकाच खात्यातल्या निम्म्या लोकांचे सासरे आजारी पडायचे. मालकांचं म्हणणं असं, की पेठेचा संघ हरला की गडी दुसऱ्या दिवशी दुःखानं घरी बसतात. प्रियदर्शनी सलग दोन हंगाम सकाळी आण्णांच्या फाउंड्रीच्या फाटकापाशी उभी राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलली, आणि तिला सगळं उलटंच दिसलं. संघ जिंकला की दुसऱ्या दिवशी पेठेतला गडी कामावर फिरकत नाही. गुलाल, मटण आणि मग झोप. हरला की मात्र तीच माणसं फाटक उघडायच्या आधी हजर, कारण पेठेत थांबलं तर टिंगल करून लोक जीव नकोसा करतात. तोंड लपवायला भट्टीसारखी जागा नाही. टाइमकीपर केरबाकाकांनी तिला एका वाक्यात सांगितलं होतं, “आमाला निकाल वाचायला लागत न्हाय बघ. सकाळी फाटकात गर्दी दिसली की समजायचं, पेठ हारली.”

हे सगळं आकडे मांडून, गणितात बसवून तिनं लिहिलं तेव्हा तिचे प्राध्यापक विजयसिंह सर म्हणाले, “बरं हाय.” सरांच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं. वर ते असंही म्हणाले, की हिनं पुढचं शिक्षण परदेशातल्या चांगल्या विद्यापीठात घ्यावं आणि पूर्ण शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाही मिळाली तर नाव काढायचं नाही, मधला रस्ता साळोख्यांच्या घरात नव्हता. जागा मोजक्या आणि अर्ज करणारी पोरं जगभरातली.

इंग्रजीची परीक्षा झाली, गणिताची झाली. गाडं अडलं ते निबंधावर. आपण कोण, आजवर काय केलं, पुढं काय करणार, हे इंग्रजीत दोन पानांत सांगायचं होतं. सरांची पुतणी इरावती याच वाटेनं जाऊन आता तिकडं डॉक्टरेट करत होती. पुण्यात वाढलेली, त्यामुळे चूक दिसली की तिला राहवत नसे. तिनं मसुदा वाचला आणि रविवारी व्हिडिओ कॉल लावला.

“छान लिहिलंयस गं. फक्त एक सांग, तुम्ही कितीजणी मिळून अर्ज करताय?”

“म्हंजे ओ ताई?”

“सगळीकडे ‘वी’ लिहिलंयस. वी स्टुड, वी आस्क्ड, वी फाउंड. त्या फाटकापाशी कोण कोण उभं होतं?”

“आम्ही.”

“आम्ही म्हणजे किती?”

प्रियदर्शनीला प्रश्नच समजेना. “आम्ही एकटंच हुतो की!”

इरावती इतकी हसली की तिच्या हातातला फोन हलून समोर नुसतं छत दिसू लागलं. मग सावरून म्हणाली, “अगं, ते लोक कोल्हापूरचे नाहीत. ‘आम्ही’ वाचलं की त्यांना वाटणार, काम दुसऱ्याच कुणीतरी केलं आणि ही नुसती सोबतीला होती. सगळीकडे ‘मी’ कर.”

“असं मी-मी लिवलं तर लई शाना वाटतो की ओ मी.”

“वाटते.”

“व्हय, वाटतो.”

कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल ‘येतो, जातो’ असंच बोलतात, हे इरावतीला ठाऊक होतं. एका दिवसात एवढंच व्याकरण पुरे, असं ठरवून तिनं तो विषय सोडला.

मग सुरू झाली ‘मी’शी झटापट. प्रियदर्शनी लिहायची, मी फाटकापाशी उभी राहिले, आणि लगेच खोडायची. उभी ती राहिली हे खरं, पण गाडीवरून रोज सोडायचे आण्णा. बसायला खुर्ची द्यायचे केरबाकाका. वाळूच्या पाट्या वाहणारी पोरं, भट्टीवरचे गडी, सगळ्यांनी चहाचा घोट थांबवून तिला उत्तरं दिली होती. त्या सगळ्यांना दाराबाहेर काढून आपण एकटंच पंगतीत बसतोय, असं तिला वाटायचं. तिला खरोखर लाज वाटत होती.

आण्णांनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला. “काय अडलंय?”

“सगळं मीच केलो म्हणून लिवायचंय.”

“मग लिव की. तूच केलंयस.”

“गाडीवरनं तुम्ही सोडायचा की.”

“म्हणून गाडीनं अभ्यास केला व्हय? लिव गप. आम्ही काय तितं सही करायला येणार न्हाय.”

तिनं लिहिलं. एकेक ‘मी’ दात काढावा तसा बाहेर आला, पण निबंध सरळ उभा राहिला. तिकडे इरावतीनं सख्ख्या काकांचीही खरडपट्टी काढली. विजयसिंह सरांनी शिफारसपत्रात ‘या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही’ असं अभिमानानं लिहिलं होतं. “काका, ही शिफारस आहे की चारित्र्याचा दाखला?” असं तिनं विचारलं. सरांनी कुरकुरत ‘सर्वोत्तम’ हा शब्द घातला आणि पुढं बरेच दिवस त्यांना प्रियदर्शनीच्या नजरेला नजर देता येईना.

अर्ज गेला. मग एका दुपारी मुलाखत ठरली, तीही व्हिडिओवर. आण्णांनी रजा टाकली आणि यांचे सासरे बिचारे कधीच वारलेले असल्यामुळे कारण खरं सांगावं लागलं. प्रियदर्शनी आत दार लावून बसली. आण्णा बाहेर पायरीवर बसून गल्लीवर पहारा देत होते. “ए, हॉर्न बंद! आमचा इंटरव्ह्यू चाललाय.” भाजीवाल्याला त्यांनी हातानंच पुढं घालवलं. शेजारचा सम्राट ढोल दुरुस्त करत होता, त्याच्या हातातली टिपरीच काढून घेतली.

आत पडद्यावरच्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी विचारलं, फाटकापाशी उभं राहायची कल्पना कुणाची? प्रियदर्शनीच्या ओठांवर ‘वी’ आलाच होता. तो तिनं गिळला. माझी, ती म्हणाली. मीच उभी होते, मीच विचारलं, मीच मांडलं. बोलून झाल्यावर तिचे कान तापले होते. बाई मात्र मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे गेल्या, जणू स्वतःबद्दल असं बोलणं हा काही गुन्हाच नव्हता.

उत्तर आलं ते नेमकं फायनलच्या दिवशी. पेठ जिंकली. संध्याकाळी आण्णा कपाळापासून चपलेपर्यंत गुलालात माखून घरी आले, तर ही मोबाइल हातात घेऊन उंबऱ्यात उभी.

“आण्णा, मला मिळालं.”

“मिळालं? आपल्याला?”

“मला. शिष्यवृत्तीसकट.”

आण्णांनी अशी आरोळी ठोकली की गल्लीला वाटलं, रेफरीनं आणखी एक गोल दिला. त्यांनी तिच्या डोक्यावर उरलासुरला गुलाल उधळला आणि बाहेर धावले. “आम्ही चाललो परदेशी! ऐकलं का रं, आम्ही चाललो!”

“तुम्ही बी चाललाय व्हय आण्णा?” सम्राट म्हणाला. “मग पासपोर्ट काढा की.”

सगळा कट्टा हसला. सगळ्यांत मोठ्यानं आण्णा हसले, आणि सगळ्यांच्या आधी थांबलेही तेच. ढोलाच्या आवाजात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मिरवणूक गल्लीत शिरली, रश्श्याचं पातेलं चढलं, आणि ती रात्र पेठेच्या नावावर जमा झाली.

सकाळी प्रियदर्शनी उठली तेव्हा गल्ली घोरत होती. जिंकलेल्या पेठेची सकाळ अशीच असते. आण्णांचं अंथरूण मात्र घडी करून ठेवलेलं, त्यांची गाडी जाग्यावर नाही. दूध आणायला गेले असतील म्हणून तिनं चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात केरबाकाकांचा फोन आला.

“पोरी, काल आपण हारलो व्हय?”

“न्हाय ओ काका, जिकलो की.”

“मग तुझा आण्णा फाटक उघडायच्या आधी हितं कसा?”

तिनं गॅस बंद केला. फाटक उघडायच्या आधी कोण येतं आणि का येतं, हे सांगणारं माणूस सगळ्या कोल्हापुरात तीच होती. ज्याला पेठेत तोंड दाखवायचं नसतं, तो येतो. तिनंच लिहिलं होतं, पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत ‘मी’ घालून.

रात्रीचा भात फोडणीला टाकून तिनं डबा भरला आणि आपली मोपेड काढून शिरोली गाठली. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर आण्णा रस्त्याकडं बघत बसले होते. डोळे लाल होते आणि कानामागं कालचा गुलाल तसाच होता. आत केरबाकाका सोडले तर चिटपाखरू नव्हतं. दोन हंगाम ती इथं जो प्रश्न विचारायची तोच तिनं विचारला.

“आज कोण कोण आलंय ओ?”

“कोण येतंय आज.” आण्णांनी तिच्याकडं न बघताच घसा खाकरला. “आम्ही एकटंच.”

शब्द तोच होता. आजवर त्यात दोघं असायची. प्रियदर्शनीनं गाडी स्टँडला लावली, डब्याचं झाकण उघडून त्यांच्यापुढं धरलं आणि कट्ट्यावर त्यांना खेटून बसली.