कराचीहून राजूरला

रंगनाथ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खळ्यावर होतो. महिना होत आला, तरी दुपार कलली की पाय त्याच्या घराकडे वळतात आणि अर्ध्या वाटेत जरा अडखळतात...

राजुरात आम्ही दोघं बरोबर शिकलो. मी गावातच मास्तर झालो. तो कराचीला विमानांच्या तळावर तारयंत्रावर लागला. घरी त्याची एकटी आई, जिजी. त्याची पत्रं मीच तिला वाचून दाखवायचो. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, कराची ते मुंबई विमानाच्या वाटेनं साडेपाचशे मैल, सकाळी निघालेला माणूस दुपारी मुंबईत. जिजीनं तेवढं मला तीनदा वाचायला लावलं.

एका भादव्यात ती तापानं अंथरुणाला खिळली. मी जालन्याला जाऊन तार केली. रंगनाथच्या साहेबानं त्याला डाकेच्या विमानात जागा दिली. ‘निघतो’ अशी उलट तार घेऊन मी परतलो. ऐकून जिजी म्हणाली, “मंग उद्या दुपारी मुंबई, परवा जालना. सांजच्याला घरात. त्याच्यासाठी भाकर झाकून ठेव, बाबा.”

तो जालन्याला उतरला, बराबर तिच्या हिशेबानं. पण तीन दिवसांच्या पावसानं वाटेवरची नदी दुथडी भरली होती. जालना ते राजूर उणेपुरे सोळा मैल. तो पल्याड एका झोपडीत पाणी उतरायची वाट पाहत बसला. इकडे दुसऱ्या सकाळी जिजी गेली. दिवसभर आम्ही नदीकडे डोळे लावून बसलो. शेवटी वडीलधारे म्हणाले, “मास्तर, आता थांबता येत न्हाई.” अग्नी मी दिला.

दुसऱ्या दिवशी तो चिखलानं भरलेला आला. माझं भादरलेलं डोकं पाहिलं आणि ओसरीवरच बसला. मग विचारलं, “काय म्हनाली?”

“तुझंच नाव घेत होती.”

भाकरीचं सांगवलं नाही. पुढं कधी सांगू, असं वाटलं...

कराचीला तो परत गेला नाही. लग्न केलं नाही. शेत पाहायचा, दुपारी माझी वाट पाहायचा. बोलणं पीकपाण्याचं. एकदाच, बांधावर बसलो असताना, म्हणाला, “पाण्यात उतरायला पाह्यजे होतं मी. पोहता येत होतं. भेलो, गड्या.”

“वाहून गेला असतास,” मी म्हणालो. त्यानंतर भाकरीचं सांगायचा धीर मला कधीच झाला नाही. आता सांगायला माणूसच उरला नाही.

इतकी वर्षं त्यानं दाराला आतून कडी लावली नाही. विचारलं तर म्हणायचा, “कोणी आलं तर अडायला नको.” भाऊबंदांनी आता कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली आहे. मी जातो, खाटेवर थोडा वेळ बसतो. निघताना कुलूप हातात घेतो, ते कोनाड्यात ठेवतो, आणि दार नुसतं लोटून येतो.