डावीकडचा डबा

शहर संपून रस्ता डोंगराकडे वळायचा तिथे पत्र्याच्या छपराखाली एक गॅरेज होतं. तिथे फक्त ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त व्हायचे. चालवणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. गाडी फाटकातून पुरती आत यायच्या आधीच तो सांगायचा, "तिसऱ्या गिअरचा क्लच गेलाय," आणि खोलल्यावर तेच निघायचं. तीस वर्षांची ख्याती होती ती.

पण गेल्या दोन वर्षांत त्याचा उजवा कान जवळजवळ बंद पडला होता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. कानसेनाचा कान गेला म्हटल्यावर मागे राहिलं काय? बोलणारा माणूस आपल्या डाव्या हाताला येईल असा तो उभा राहायचा. नीट ऐकू आलं नाही तर मान डोलवायचा, नाहीतर हसून वेळ मारून न्यायचा.

थोरली लेक गेली चार वर्षं त्याच्याबरोबर काम करत होती. इंजिनिअरिंग शिकलेली, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेली, हाताने चांगली आणि जिभेने तिखट. ऑइलच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या यावरून दोघांचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं.

"चिठ्ठ्या औषधाच्या बाटल्यांना लावतात," तो म्हणायचा. "मला वासावरून कळतं."

त्या दिवशी सकाळी दोन पांढऱ्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. बाहेरून जुळ्या बहिणी. एक टॅक्सीवाल्याची, जुनी, नेहमीच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकची. दुसरी नर्सबाईंची, तिच्याहून पाच वर्षांनी नवी, आणि तिच्यात सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक. नर्सबाई डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होत्या. त्यांच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन शहरातल्या हॉस्पिटलात झालं होतं आणि आज त्यांना घरी न्यायचं होतं. दोन्ही गाड्यांचं गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं होतं.

"मिस्त्री, खरं सांगा," नर्सबाई म्हणाल्या. "माझा भाऊ म्हणतो, तुझी सीव्हीटी म्हणजे रबर बँडवर चालणारं खेळणं."

"रबर नाही हो, पोलादी पट्टा आहे." हा त्याचा आवडता विषय होता. "जुन्या गिअरबॉक्समध्ये पायऱ्या असतात. पहिली, दुसरी, तिसरी. पायरी चढताना ठेच लागते, पण पायरी दणकट. तुमच्या गाडीत पायऱ्याच नाहीत, चढण आहे सपाट. दोन पुल्या, मध्ये पट्टा. पुली लहानमोठी होते, पट्टा सरकतो, आणि गाडी लोण्यासारखी पळते. पेट्रोलही कमी पिते. पण सगळी भिस्त पट्ट्याच्या पकडीवर, आणि ती पकड राखायला ऑइलही वेगळंच लागतं. पट्टा घसरला की पुली खरवडते, आणि खरवडलेल्या पुलीला औषध नाही."

"आणि विकताना म्हणाले होते, ऑइल लाइफटाइम आहे, बदलायलाच नको."

"कुणाची लाइफ, ते विचारलंत का? ऑइल जळालं की गिअरबॉक्स मेला, मेला की लाइफ संपली. म्हणजे ते खोटं बोलले नाहीत!"

नर्सबाई हसल्या. थोरली आतून दोन डबे घेऊन आली. दोन्ही सारखेच, काळे, झाकणावर हातपंप बसवलेले. तिने ते बाकावर ठेवले आणि आत वळताना मोठ्याने म्हणाली, "बाबा, डावीकडचा नर्सबाईंचा!"

त्याच क्षणी हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला. कानसेन उजवा कान तिच्याकडे करून उभा होता. त्याला ऐकू आलं ते एवढंच, "...कडचा नर्सबाईंचा." डावीकडचा की उजवीकडचा? पुन्हा विचारायला दोन शब्द पुरले असते. त्याने मान डोलवली. लेक आत गेली. सीव्हीटीचं ऑइल तर ती रोज उजवीकडेच ठेवते, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि वास न घेताच उजवीकडचा डबा उचलला.

जुनं ऑइल काढलं, नवं पंपाने चढवलं, गाडीला गल्लीत एक फेरी मारून आणली. सपाट रस्त्यावर ती मुकाट चालली. गिअरबॉक्सच्या आत न निथळलेलं जुनं ऑइल अजून निम्मं शिल्लक होतं, ते सांभाळून घेत होतं. साडेदहाला नर्सबाई हॉस्पिटलकडे गेल्या.

बाराच्या सुमाराला तो टॅक्सीखाली आडवा झाला. दुसरा डबा घेतला, नळी लावली, पंप दाबला. नळीच्या तोंडाशी चार थेंब त्याच्या बोटांवर सांडले. सवयीने त्याने बोटं चोळली आणि उजेडात धरली. टॅक्सीच्या जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल लालभडक असतं. बोटांवरचं हिरवट होतं.

तो तसाच पडून राहिला. हे हिरवं नर्सबाईंच्या गाडीत जायला हवं होतं. मग त्यांच्या गाडीत गेलं काय?

"थोरले!"

त्या हाकेने ती धावत आली. तिने बोटं पाहिली, डबा पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला.

"मी ओरडून सांगितलं होतं, बाबा. डावीकडचा म्हणून. तुम्ही मान हलवलीत."

"फोन लाव त्यांना."

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. थोरलीने हॉस्पिटलात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पेशंटला घरी सोडलं, अर्धा तास होऊन गेला, सुनेने मागच्या सीटवर आडवं झोपवून नेलं.

अर्धा तास. म्हणजे सपाट रस्ता संपत आला असणार. पुढे बावीस किलोमीटरचा घाट, एका बाजूला दरड, एका बाजूला दरी, आणि लाकडाचे ट्रक. तिथे फोनला रेंज मिळाली तर मिळाली. गाडी भरलेली, चढ सलग, ऑइल तापणार आणि पट्टा घसरणार. आंधळ्या वळणावर घसरला तर? मागच्या सीटवर ऐंशी वर्षांची बाई, तिला बसताही येत नाही, मग गाडीतून उतरून बाजूला होणं तर लांबच.

थोरलीने गॅरेजची व्हॅन काढली. शटर ओढायलाही कुणी थांबलं नाही. कानसेन शेजारी बसून नंबर लावत राहिला, वाजून बंद झाला की पुन्हा. घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीपाशी थोरलीने काच खाली केली. "पांढरी गाडी गेली का? बाई चालवत होत्या, मागे म्हातारी झोपलेली?"

"गेली की. आवाज कसला येत होता तिचा! शिट्टीसारखा."

कानसेनने डोळे मिटले. घसरणारा पट्टा बोलायला लागला होता.

पहिली चार वळणं थोरलीने भरधाव घेतली. पाचव्याला समोरून ट्रक आला, थोरलीने व्हॅन दरडीला घासून नेली आणि तशीच पुढे दामटली.

"बाबा, एक विचारू? तुम्ही रागावला होतात का सकाळी? चिठ्ठ्यांवरून?"

"नाही."

"मग मी सांगितलेलं मुद्दाम..."

"ऐकूच आलं नाही मला." तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "उजव्या कानाने येत नाही ऐकू. दोन वर्षं झाली."

ती काहीतरी बोलणार होती, पण सातव्या वळणावरून वर पाहिलं तर दोन वळणं वर ट्रकांची रांग दिसत होती. उभी. हॉर्न वाजत होते.

"तीच असणार," ती म्हणाली.

नवव्या वळणाच्या ऐन तोंडाशी नर्सबाईंची गाडी तिरकी उभी होती. पुढे तीसेक पावलांवर रस्ता रुंद होत होता. तिथपर्यंत पोचायची त्यांनी धडपड केली असणार, पण पोचल्या नव्हत्या. मागच्या चाकांना दगड लावलेले. दोन ट्रक ड्रायव्हर हातात फडकी घेऊन वरखालची वाहतूक अडवत होते. नर्सबाई मागच्या दारात वाकून सासूबाईंचा हात धरून उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता, आवाज मात्र नर्सचा, सरळ.

"मिस्त्री? तुम्ही इथे कसे?" त्या थक्क झाल्या. "इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलेना. मग लाल दिवा लागला. मागे ट्रक, थांबायला जागा नाही, म्हणून मी आणखी दाबलं. तुम्ही सांगितलंच होतं ना, हा गिअरबॉक्स नाजूक असतो म्हणून. माझंच चुकलं. भाऊ म्हणतो ते खरं, या गाड्यांचा भरवसाच नाही."

जळक्या ऑइलचा वास सगळीकडे पसरला होता. आजूबाजूचे चार लोक माना हलवत होते. सीव्हीटी ना? मग काय होणार! कुणीतरी म्हणालंही, "हा प्रकारच तसला." कानसेनने काही न बोलता मान डोलवली असती तरी भागलं असतं. दोन वर्षं तो तेच तर करत आला होता. थोरली व्हॅनच्या दारापाशी उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"नाही, बाई," तो म्हणाला. "गाडीचं काही चुकलं नाही, तुमचंही नाही. मी हिच्यात टॅक्सीचं ऑइल घातलं. डबा चुकला माझा."

ट्रकवाल्याच्या हातातलं फडकं खाली आलं.

"सकाळी तुम्हीच मला सांगत होतात," नर्सबाई हळू म्हणाल्या. "दोन्ही ऑइलं वेगळी, भिस्त पकडीवर, पायऱ्या आणि चढण. एवढं सगळं. आणि माझी सासू मागे आडवी पडलीय, मिस्त्री."

"हो."

"हो काय?"

मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला, "भांडायचं ते नंतर भांडा गं. माझा पाय मुंग्यांनी भरलाय."

त्या वाक्याने सगळे हलले. व्हॅनमध्ये गादीवजा जाड फोम होता, त्यावर झोपवायचं ठरलं. नर्सबाई सांगत गेल्या, कुठे धरायचं, कुठे हात लावायचा नाही. दोन ट्रकवाले, थोरली आणि कानसेन अशा चौघांनी चादरीत धरून म्हातारीला इंच इंच बाहेर काढलं. एकदा ती कळवळली तेव्हा नर्सबाईंनी सगळ्यांना थांबवलं. पण व्हॅनमध्ये पाठ टेकल्यावर तिने सुस्कारा सोडला. नर्सबाईंनी नाडी पाहिली, पाय पाहिला, टाके पाहिले आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

थोरली त्यांना घेऊन वर गेली. जाताना नर्सबाई कानसेनशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

ट्रकवाल्यांनी गाडी ढकलून रुंद जागेत लावून दिली. टोचन करून ओढून नेणारी गाडी यायला अडीच तास लागले. तोवर तो दरडीला टेकून उभा राहिला. जाणारा प्रत्येक जण वेग कमी करून विचारायचा, "काय झालं हो?" आणि तो प्रत्येकाला तेच सांगायचा, चुकीचं ऑइल घातलं. पहिल्या दोन वेळा जीभ अडखळली.

गिअरबॉक्स त्याने दुसऱ्याच दिवशी खोलला. दोन्ही पुल्यांवर नखाला लागतील असे ओरखडे होते. ऑइल बदलून गाडी चार-सहा महिने ढकलता आली असती, पण त्याने तो विचार मनातही आणला नाही. अपघातात चेपलेल्या एका गाडीतला चांगला गिअरबॉक्स शोधून आणला, तपासला, बसवला. मग पंधरा दिवस रोज त्याच घाटातून गाडी वरखाली चालवली, शेजारी पोत्यांचं ओझं घेऊन. तोवर स्वतःची जुनी चार गिअरची ऑटोमॅटिक त्याने नर्सबाईंना वापरायला दिली. गाडी बदलून घ्यायला त्यांचा भाऊ आला. त्या स्वतः आल्या नाहीत.

"ताई म्हणाली, तुमची म्हातारी गाडी झटके देते, पण चढाला ऐकते," एवढाच निरोप त्याने दिला, आणि सीव्हीटीची किल्ली घेऊन गेला.

गोष्ट गावभर झाली. टॅक्सीवाल्याने गॅरेज बदललं, आणखी दोघातिघांनीही. राहिलेल्यांना कानसेन स्वतःहून सांगायचा, "उजव्या बाजूने बोलू नका, ऐकू येत नाही." डब्यांवर थोरलीने चिठ्ठ्या लावल्या, आणि त्यावर कुणाचं काही वाजलं नाही. बायको मात्र आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नाही. कान गेल्याचं तिला काही नव्हतं, ते तिच्यापासून लपवलं याचा राग होता.

पुढचं ऑइल बदलायची वेळ कधी येईल, ते त्याला तोंडपाठ होतं. ते दिवस जवळ आले तशी त्याची नजर सारखी फाटकाकडे जायला लागली. नर्सबाई कशाला येतील, शहरात गॅरेजं काय कमी आहेत, असं तो थोरलीला दोनदा म्हणाला. ती दोन्ही वेळा "बघू" म्हणाली.

एका मंगळवारी तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला होता. परत आला तेव्हा थोरली लिफ्टखाली हात पुसत होती.

"नर्सबाई येऊन गेल्या," ती म्हणाली. "ऑइल बदललं, फिल्टर बदलला. पुली बघायला कॅमेरा आत घालून पाहिला, एकदम स्वच्छ."

"मी नाही म्हणून आल्या असतील."

"त्यांना काय माहीत तुम्ही नव्हतात ते?"

"काही म्हणाल्या का?"

"घाई होती त्यांना. लसींच्या पेट्या होत्या गाडीत."

तो फाटकापर्यंत चालत गेला. ओल्या मातीत टायरचा माग होता, डोंगराच्या दिशेला वळलेला.

"सासूबाई कशा आहेत, विचारलंस का?"

"काठी घेऊन चालतात म्हणे. सुनेला शिव्या घालतात, म्हणजे ठणठणीतच असणार."

कानसेन हसला. मग आत येऊन त्याने टॉर्च हातात घेतला आणि लिफ्टवरच्या गाडीकडे बोट करून लेकीला विचारलं, "हिचं काय म्हणणं आहे?"