आकड्याच्या जागी आकडाच

मेमो हातात पडला तेव्हा मी व्यास मोजायचा मायक्रोमीटर पुसत होते. चाकणच्या आमच्या कंपनीतून गेलेल्या शाफ्टच्या एका लॉटमधले काही नग व्यासाला कमी भरले होते. गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला होता आणि तपासणीच्या रिपोर्टवर सही माझी होती. क्वालिटीचे साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बारा वर्षं मी तपासणी विभागात काढली आहेत. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही.

रिपोर्ट पुन्हा उघडून पाहिला. एक्सेलच्या शीटमध्ये शेकडो ओळी, आणि तळाशी रिजेक्ट शून्य. तो रकाना हिरवागार. ही शीट ज्याने बनवली तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि आत काय सूत्रं आहेत ते कुणालाच धड माहीत नाही. चूक शीटचीच आहे, याची मला खात्री होती. आणि ते मी दाखवून देणार होते.

आमच्या आयटी विभागात एक जण आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो. शीटऐवजी हे आकडे कशाने तपासता येतील, असं त्याला विचारलं.

"असल्या कामाला मी हॅस्केल वापरीन," तो म्हणाला. "प्रोग्रामिंगची कडक भाषा आहे, ताई. आकडा पाहिजे तिथे आकडाच घेते. एकदा दिलेली किंमत मागाहून बदलू देत नाही. सगळं फंक्शनमधून करायचं, गणितासारखं. पण तुम्ही नका त्या फंदात पडू. इंजिनियर झालेली पोरंसुद्धा चार दिवसांत सोडून देतात."

माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. प्रोग्रामिंगची एक ओळ कधी लिहिली नव्हती. पण ते शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. चाकणजवळच्या कुरुळीत आमचं घर आहे, नवऱ्याची दुसऱ्या कंपनीत शिफ्ट असते, त्यामुळे गुरुवारी सकाळी घरात मी आणि सासरे, दोघंच. आम्ही त्यांना आबा म्हणतो. स्वयंपाक उरकून मी जुना लॅपटॉप घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसले. हॅस्केलच्या संकेतस्थळावर एक लांबलचक आज्ञा दिली होती. ती उचलून आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत चिकटवायची आणि एंटर दाबायचं. चिकटवली, दाबलं. लॅपटॉपने इंग्रजीत एकामागून एक प्रश्न विचारले, मी प्रत्येकाला हो म्हटलं. ओळी सरसर वर जायला लागल्या. अर्धं काम झालं असेल, तेवढ्यात लाइट गेली. गुरुवार म्हणजे महावितरणचाही दुरुस्तीचा वार, हे मी विसरलेच होते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण वायफायचा डबा बंद.

आबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "चढलं का तुजं?"

"नाही आबा. नेट गेलं."

"मंग माजा मोबाइल घे की. त्यात नेट हाय."

त्यांच्या मोबाइलवर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तासाभराने त्यांचा दिवसाचा सगळा डेटा संपला आणि काम तिथेच थांबलं. आबा दिवसभर ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघतात. त्या दिवशी त्यांनी एकही बघितला नाही आणि तक्रारही केली नाही. संध्याकाळी फक्त विचारलं, "एवढं मोठं काय हाय गं त्यात?"

पुढच्या गुरुवारी लाइट होती, नेट होतं, तर डिस्कमध्ये जागा नव्हती. लाल अक्षरांत तसं स्पष्ट लिहून आलं. काय एवढं भरलंय म्हणून बघितलं, तर आमच्या लग्नाचं शूटिंग. ते पेनड्राइव्हवर काढायलाच दुपार झाली. नवरा शिफ्टवरून आला तेव्हा मी लग्न लॅपटॉपमधून पुसत होते. "काय चाललंय?" तो दारातूनच म्हणाला. समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने बूट काढले.

त्या संध्याकाळी सगळं उतरलं. शेवटी 'झालं' अशा अर्थाची ओळ आली. मी आनंदाने तिथेच ती भाषा सुरू करायची आज्ञा टाइप केली, तर उत्तर आलं की असली काही आज्ञा इथे नाही. पाचदा टाइप केली, पाचदा तेच. आता मात्र डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी आयटीवाल्याला सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "ताई, ती खिडकी बंद करून नवीन उघडा. जुन्या खिडकीला नवीन सामान कुठे ठेवलंय ते माहीत नसतं." खरंच तेवढंच होतं.

नवीन खिडकीत ती भाषा माझी वाट बघत होती. मी दोन अधिक तीन लिहिलं, पाच आलं. आबांना हाक मारून दाखवलं. "एवढ्यासाठी माजं नेट संपिवलं व्हय!" ते म्हणाले, पण जागचे उठले नाहीत.

मग मी एक वेडेपणा केला. एक्स बरोबर एक्स अधिक एक, असं लिहिलं. म्हणजे एक्स एकने वाढव. लॅपटॉपने ते निमूट मान्य केलं. एक्स किती, असं विचारल्यावर मात्र लॅपटॉप गरम व्हायला लागला, आतला पंखा घरघरायला लागला, माउससुद्धा हलेना. कसंबसं थांबवलं. मग लक्षात आलं, मी त्याला 'वाढव' असं सांगितलंच नव्हतं. 'एक्स हा एक्सपेक्षा एकने मोठा आहे' असं सांगितलं होतं, आणि तो बिचारा असा आकडा शोधत बसला होता. या भाषेत जे लिहू, ते ती शब्दशः खरं मानते. त्या दिवसापासून मी प्रत्येक ओळ रिपोर्टवर सही करावी तशी लिहायला लागले.

पुढचे तीन गुरुवार एका छोट्या फंक्शनमध्ये गेले. शाफ्टचा व्यास द्यायचा. वरच्या मर्यादेच्या बाहेर असेल तर रीवर्क, कारण जास्तीचं घासून काढता येतं. खालच्या मर्यादेच्या खाली असेल तर रिजेक्ट, कारण कमी झालेलं परत भरता येत नाही. मधे असेल तर पास. हे मी झोपेतही सांगितलं असतं, पण ओळीची सुरुवात एक घर इकडेतिकडे झाली की लाल अक्षरं येत. पहिले दोन आठवडे ती दिसली की मी घाबरून सगळं पुसायचे. नंतर ती वाचायला लागले. बहुतेक वेळा चूक कुठल्या ओळीत, कुठल्या अक्षराशी आहे, ते तिथेच लिहिलेलं असायचं.

शेवटी परत आलेल्या लॉटचे आकडे साध्या फाइलमध्ये काढून त्या फंक्शनला दिले. ते मधेच थांबलं. 'नो पार्स' एवढे दोनच शब्द. म्हणजे कुठेतरी आकड्याच्या जागी दुसरं काहीतरी होतं, पण कुठे ते सांगेना. मग मी आणखी एक प्रकार शिकले. वाचता आला तर आकडा, नाही आला तर 'काही नाही', आणि 'काही नाही'चं काय करायचं तेही आधीच लिहावं लागतं. तसं लिहिलं आणि ओळींचे क्रमांक छापायला सांगितले.

चार ओळी निघाल्या. चारही जागी मापाऐवजी 'ओके' लिहिलेलं. शीट फक्त आकडे मोजायची, त्यामुळे तिने या चार नगांकडे बघितलंच नव्हतं.

आणि शीटमध्ये त्या चारही ओळींपुढे तपासणाऱ्याची आद्याक्षरं माझी होती.

मग आठवलं. त्या दिवशी मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचीच अचूकता तपासून घ्यायला गेला होता. शेवटचे चार नग मी गेजच्या भोकात घालून बघितले, बसले, म्हणून ओके लिहिलं. पण कमी व्यासाचा नगही त्यात बसतोच. माप नंतर घेऊ म्हटलं. ते नंतर कधी आलंच नाही. मी त्या चार ओळी पुन्हा छापून बघितल्या. आबांनी विचारलं, "बिघडलं का?" मी म्हटलं, "नाही आबा. बरोबर चाललंय."

फाइल बंद करून टाकता आली असती. मला काय सापडलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. पण दीड महिना जी भाषा मला एक अक्षर खोटं लिहू देत नव्हती, तिच्यासमोर बसून ते जमेना. शुक्रवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन गेले आणि चारही ओळी दाखवल्या. "शीट शब्द मोजत नाही, हा तिचा दोष. पण शब्द मी लिहिले."

साहेबांनी चारही ओळी वाचल्या. "मेमो तुमच्या फाइलमध्ये राहीलच," ते म्हणाले.

"राहू द्या."

"आणि हे तुम्ही घरी बसून शिकलात?"

"हो."

"इन्स्पेक्शन रूममधल्या कॉम्प्युटरवर बसवता येईल? रिपोर्ट पाठवण्याआधी प्रत्येक लॉट यातून जाऊ दे."

सोमवारी बसवायला घेतलं. शेजारच्या टेबलावरची लातूरकडची सहकारी खुर्ची ओढून जवळ येऊन बसली. "मलाबी दाखवा की, ताई." मी उठले आणि माझ्या खुर्चीवर तिला बसवलं. पहिलीच लाल ओळ आल्यावर तिचा हात पुसायच्या बटणाकडे गेला.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "आधी मोठ्याने वाच."