भर ऑगस्टात हीटर

तोमिओ कुवाबाराचा धंदा तातामीचा. पेंढ्याच्या जाड चटया घरोघरी जाऊन जमिनीवर बेतून, फट न ठेवता बसवायच्या, चाळीस वर्षं हेच. पण जीव सगळा त्या जुन्या टर्बो गाडीत. गावाबाहेरच्या छोट्या ट्रॅकवर दर ऑगस्टात तासाभराची शर्यत असते. अर्धा तास एकाने चालवायची, अर्धा तास जोडीदाराने. गेल्या वर्षी या पठ्ठ्याने बाराव्या मिनिटालाच इंजिन उकळवलं. जोडीदार निएदा, पोस्टातून निवृत्त झालेला साधा माणूस, हेल्मेट घालून नुसता उभा राहिला. तेच कुवाबाराला लागलं. यंदा काही झालं तरी निएदाला गाडी द्यायचीच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

वर्षभर खटपट चालली. टर्बोची हवा गार करायला दांडगा इंटरकूलर आणला, तर तो रेडिएटरच्या पुढे आडवा आला आणि पाणी आणखीच तापलं. मग मोठा रेडिएटर आणला. तरी तेच. एका रविवारी बंपर काढून बघतो तर काय, रेडिएटरच्या चारी बाजूंना बोटबोटभर फटी! हवा जाळीतून जायचं सोडून बाजूने पसार. त्याने कपाळावर हात मारला. जन्म गेला लोकांच्या घरातल्या फटी बुजवण्यात, आणि स्वतःच्या गाडीतल्या दिसू नयेत? त्याने जुना लहान इंटरकूलर परत चढवला, पत्रा कापला, स्पंज चिकटवला, एक फट ठेवली नाही. बायको साएको म्हणाली, "अहो, एवढ्या मायेने आपलं गळकं छप्पर कधी बघितलंत का?"

शर्यतीच्या दिवशी छत्तीस डिग्री ऊन. वीस मिनिटं पाण्याच्या तापमानाचा काटा शंभरावर गुमान बसून होता. मग पुढे मासेवाला एबिहारा लागला. कुवाबारा त्याच्या शेपटाला चिकटला आणि पुढच्या गाडीची गरम हवा खात काटा एकशे आठवर गेला. एका वळणाचा प्रश्न होता. एबिहाराला गाठायला हात नुसते शिवशिवत होते. पण एकशे दहा म्हणजे खेळ खलास.

त्याने दात-ओठ खात पाय उचलला, मागे राहिला, आणि इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायला हीटर पूर्ण चालू केला. आत भट्टी झाली. तीन गाड्या भर्रकन पुढे गेल्या. काटा मात्र हळूहळू उतरला.

अर्ध्या तासाने तो घामाने निथळत बाहेर पडला. निएदा म्हणाला, "अरे, गाठला होतास की त्याला. का सोडलंस?"

"तो गेला खड्ड्यात. तू बस आत."

त्याने स्वतः निएदाचे पट्टे आवळले. पहिलं वळण निएदाने इतक्या जपून घेतलं की बघणारे हसले. कुवाबाराला त्याचं काही नव्हतं. पुढचा अर्धा तास तो उन्हात उभा राहून आपली गाडी डोळे भरून बघत होता.