जावयाच्या प्रोग्रॅमचं वजन

अख्ख्या शिरोली एमआयडीसीत माझ्या सासऱ्यांइतका चिडका माणूस झाला नाही, आणि त्यांच्या रागाला माझ्याइतकं हक्काचं गिऱ्हाईक दुसरं नाही. उभी हयात त्यांनी फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवले. पॅटर्न सूतभर जाड झाला तरी प्रत्येक नगात जादा धातू ओतला जातो, हे त्यांच्या हाडात मुरलंय. त्यामुळे जादा काही दिसलं की त्यांचं डोकं फिरतं. माझ्या बॅगेचे सातातले चार कप्पे रिकामे दिसले, तेव्हा त्यांनी दाभण घेऊन ते चारही शिवून टाकले. मी दोन दिवस घुश्शात होतो.

अशा माणसाला मी कुठला प्रोग्रॅम किती मेमरी खातो ते सांगणारा टास्क मॅनेजर दाखवला, ही माझी चूक. निवृत्तीनंतर ते त्याच फाउंड्रीच्या वजनकाट्यावर बसतात. तिथं पावती छापायचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. "जावयाचा हाय, मी जबाबदार," असा शब्द मालकांना त्यांनीच दिलेला. सकाळी शंभर एमबी खाणारा प्रोग्रॅम दुपारी दीड जीबीवर जाई आणि कॉम्प्युटर अडकून पडे. ट्रकांची रांग फाटकाबाहेर जाई. ड्रायव्हरांच्या शिव्या सासरे मुकाट ऐकत, आकडे खडूनं दारावर लिहीत आणि सगळा राग फोनवर माझ्यावर काढत. "पावणं, चिठोरं छापायला दीड जीबी? आत काय वऱ्हाड जेवाय बसवलंय?" मी समजावलं, "मामा, या भाषेत वापरून झालेली मेमरी आपोआप झाडली जाते." तर म्हणाले, "झाडणारा हाय म्हणून तुम्ही घरभर टाकत सुटायचं व्हय? लाज वाटत न्हाय?" मीही तडकलो. नवी रॅम टाका म्हणालो. त्यांनी फोन आपटला.

मग मोतीबिंदूनं त्यांना स्क्रीनवरचे बारीक आकडे दिसेनासे झाले. रोज सहाला फोन येई, "किती?" मला ऑफिसातून तो स्क्रीन दिसतो. एकदा गाड्या कमी असल्यानं कॉम्प्युटर अडकला नव्हता, मी वैतागलेलो होतो, न बघताच ठोकून दिलं, "चाळीस." ते म्हणाले, "शाब्बास की! मालकांस्नी सांगतो." लग्नानंतरच्या बारा वर्षांतली पहिली शाबासकी, आणि ती खोट्यावर. स्वतःचाच भयंकर संताप आला.

दुसऱ्या दिवशी फाउंड्रीला सुट्टी होती. कोड उघडून बसलो, तर बंद केलेली पावतीची प्रत्येक खिडकी माझाच प्रोग्रॅम मेमरीत धरून बसलेला. वापरात आहे असं समजून झाडणारा तिला हात लावत नव्हता. ते सोडवलं. परवा दिवसभरात कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. सहाला फोन आला आणि मी खरा आकडा सांगितला, "एकशेदहा."

"चाळिसाचं एकशेदहा? मालकांस्नी सांगून बसलोय की मी!" दहा मिनिटं ते थांबले नाहीत. चाळीस खोटं होतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मग आकडे त्यांचे तेच वाचतील. सहाचा फोन मात्र येणार नाही, आणि त्याचं मला आत्तापासूनच वाईट वाटतंय.