बिल्ल्यांवरून बांधलेलं गाणं

"माझ्या पोराला तू गाण्यातूनसुद्धा बाहेर ठेवलंस, व्हर्डी!"

"लूटीमावशी, मला काय ठाऊक? फळीवरचे बिल्ले बघून नावं घातली मी."

"मग त्या बिल्ल्यांनाच रडायला सांग!"

हे भांडण झालं तेव्हा मी नऊ वर्षांची. कुंपणाआड शेंगांच्या शिरा काढत बसले होते. आई आतून म्हणाली, "कान तिकडे असू देत, हात थांबवू नको."

व्हर्डी आयसन ही आमच्या केंटकीच्या दरीतली बँजोवाली. नवरा कोळशाच्या खाणीत मेला तेव्हा तिनं पहिलं गाणं बांधलं. मग रीतच पडली, कोळशानं माणूस नेला की व्हर्डीनं त्याचं नाव गाण्यात घालायचं. चर्चमधल्या बायका बँजोला सैतानाचं खोकं म्हणायच्या, पण घरात मयत झाली की त्यांना तेच खोकं लागायचं.

त्या वर्षी तीन नंबरची खाण पेटली. चौदा माणसं आत होती. आग कोंडून विझावी म्हणून मालकांनी खाणीचं तोंड विटांनी बुजवून टाकलं, प्रेतं कुणालाच मिळाली नाहीत. खाणीत उतरताना जो तो आपल्या नावाचा पितळी बिल्ला बाहेरच्या फळीवर अडकवतो. तसे चौदा बिल्ले तिथे लटकत राहिले. ते वाचून व्हर्डीनं गाणं बांधलं. त्याच आठवड्यात शहरातून एक माणूस यंत्र घेऊन आला होता, त्यानं ते रेकॉर्डवर उतरवून नेलं.

अकराव्या दिवशी गाण्यातलं नववं नाव चालत घरी आलं. हर्सेल! नदीपलीकडे पिऊन पडला होता. आणखी एक खाडा झाला असता तर त्याची नोकरी गेली असती, म्हणून त्याचा बिल्ला लावून लूटीमावशीचा क्लॉइड आत उतरला होता. ती बिचारी समजत होती, पोरगा ओहायोला कामाला गेलाय.

रेकॉर्ड फार चालली. व्हर्डीला शहरात गायला बोलावलं, नवे बूट दिले. ती हर्सेलच्या जागी क्लॉइडचं नाव घेऊन गायली. यंत्रवाला म्हणाला, "बाई, लोकांना रेकॉर्डवरचंच हवंय. एका नावानं काय बिघडतं?"

"त्याच्या आईला विचारून या," ती म्हणाली, आणि पुढच्या बसनं परत आली. पुन्हा बोलावणं आलं नाही. बूट माझ्या आईला दिले. ते आईलाही चावले.

पुढे दर मे महिन्यात, कबरींवर फुलं वाहायच्या रविवारी, ती डोंगर चढून त्या विटांपुढे गायची. लूटीमावशी लांब एका बाजूला उभी राहायची, एक शब्द बोलायची नाही. असं एकोणीस वर्षं चाललं. विसाव्या वर्षी मावशी म्हणाली, "नाव जरा मोठ्यानं घे. डावा कान गेलाय माझा."

तेवढंच. पण व्हर्डी खाली येईपर्यंत रडत होती.

शेवटच्या मे महिन्यात व्हर्डीची छाती पार गेली होती. तो आठवडाही तिनं पुरा काढला नाही. तरी त्या रविवारी नेहमीसारखी माझ्या दारात थांबून ताक प्यायली.

"बँजो मी घेते," मी म्हटलं.

"तुझ्या हातात नुसतं ओझं होईल ते," म्हणाली.

दर दहा पावलांवर बसत वर गेली. विटांपुढे उभी राहून सगळी नावं घेतली. नववं आलं तेव्हा नेहमीच्या बाजूला वळली आणि मोठ्यानं म्हणाली, क्लॉइड.

लूटीमावशीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.